दोन हात डावीकडे

कॅमेरामनने उन्हासाठी रॅम्प दोन हात डावीकडे मागितला आणि तिने तो घेऊ दिला. सहा माणसांनी तो लाकडी चढ उचलला, सरकवला, खाली पाचरी ठोकल्या. पलीकडे रिकाम्या खोक्यांचा ढीग रचलेला होता. उडी मारल्यावर मोटारसायकल सोडून स्वाराने त्यातच पडायचं. माणसं खोकी सरकवायला निघाली तेव्हा तिने नुसता हात वर केला. मी सांगेपर्यंत खोक्यांना कुणी बोट लावायचं नाही.

माणसं जागच्या जागी थांबली. तिला का म्हणून विचारायची त्या युनिटमध्ये पद्धत नव्हती. स्टंट तीच बसवायची, सगळे तिला मास्टर म्हणत. बाईमाणसाला मास्टर म्हणताना सुरुवातीला कित्येकांची जीभ अडखळली होती. पण जी मोटारसायकलच्या शर्यतीत भल्याभल्यांच्या तोंडावर धूळ उडवून आली आणि मग हिरॉइनींचे कपडे अंगावर चढवून त्यांच्या वाटची हाडं मोडून घेत राहिली, तिला दुसरं म्हणणार तरी काय?

पन्नास पावलांवर आजचा स्वार बंद गाडीवर बसला होता. पंचविशीचा असेल. त्याची ही पहिली मोठी उडी, आणि ती बघायला बाप आला होता. बाप म्हणजे एके काळचा नावाजलेला अॅक्शन मास्टर, सगळ्यांचा वस्ताद. त्याच्यासाठी सावलीत खुर्ची टाकली होती, हातात चहा दिला होता. खुर्ची कुठे टाकायची ते तिनेच सांगितलं होतं. तिथून रॅम्प आणि खोकी एका नजरेत येत.

वस्तादाने दोन घोट घेतले. तिसरा घेता घेता नजर रॅम्पवरून खोक्यांवर गेली, परत रॅम्पवर आली. कप ओठांपाशीच राहिला. ती फक्त त्याच्याकडे बघत होती.

तो उठून आला. पोरी, खोकी राहिली सरकवायची, असं हळूच म्हणाला. ती म्हणाली, राहिली नाहीत, ठेवलीत. अशाने पोरगं खडीवर आपटेल, तो म्हणाला. आपटलं तर सांगू की पिऊन आलं होतं, ती म्हणाली.

वस्तादाचा चेहरा उतरला. अठरा वर्षांपूर्वी त्याच्याच सेटवर असाच रॅम्प सरकला होता आणि खोकी होती तिथेच राहिली होती. गाडीवर तिचा धाकटा भाऊ होता, तो खडीवरून उठलाच नाही. संध्याकाळपर्यंत वस्तादाने गावभर करून टाकलं की पोरगा पिऊन आला होता. तिच्या आईने डोळे मिटेपर्यंत तेच ऐकलं.

"माझा मुलगा दारूला शिवतसुद्धा नाही," वस्ताद म्हणाला.

"माझा भाऊही शिवत नव्हता."

त्याने दिग्दर्शकाकडे पाहिलं, कॅमेरामनकडे पाहिलं. दोघेही आभाळाचा अंदाज घेत होते. स्टंटच्या वेळी मास्टरपुढे कुणी बोलायचं नाही, ही शिस्त वस्तादानेच तर सगळ्यांना लावली होती. मग तो आपल्या वयाचं सांगू लागला, चारचौघांत नको, घरी बसून बोलू म्हणाला, शेवटी हात जोडले. आजवर तिला पोरी म्हणणारा माणूस मास्टर म्हणाला. हात खाली घ्या, ती म्हणाली, लोकांना वाटेल काम मागायला आलात.

आणि तिने पोराला खुणेने बोलावलं. हेल्मेट काखेत मारून तो हसत हसत आला, त्याला वाटलं काही सूचना असेल. तिने त्याला सांगितलं की वडिलांना काही बोलायचंय, नीट ऐक. वस्तादाला म्हणाली, मोठ्याने बोला, माझी माणसं लांब उभी आहेत.

वस्ताद आधी जमिनीशी पुटपुटला. मोठ्याने, ती म्हणाली. मग त्याने मान वर केली.

"रॅम्प मी सरकवला होता. खोकी सरकवायला विसरलो. हिचा भाऊ प्यायलेला नव्हता."

एवढ्या तीन वाक्यांना अठरा वर्षं लागली. तिने माणसांना हाक दिली, सरकवा आता खोकी.

"थांबा," पोरगा म्हणाला. तिच्या सेटवर दुसऱ्या कुणी थांबा म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, पण माणसं थांबली. तो बापाकडे बघत राहिला. मग तिच्याकडे, जरा जास्तच वेळ.

"यांनी तोंड उघडलं नसतं तर, मास्टर?"

तिने खिशातून गाडीची किल्ली काढली. तिच्या सेटवर किल्ली शेवटच्या घडीपर्यंत मास्टरकडेच राही. भाऊ गेल्यावर तिने हा नियम केला होता, वस्तादाच्या काळी तो नव्हता. ती म्हणाली, वेडा आहेस का, मी देईपर्यंत तू हलणार तरी कसा होतास?

त्याने तिच्या तळहातावरची किल्ली उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली. हेल्मेट जमिनीवर ठेवून तो रॅम्पकडे गेला, त्याच्या कडेला टाच लावली आणि पावलाला पाऊल जोडत खोक्यांच्या दिशेने मोजू लागला. आजवर तो कधी मोजायला गेला नव्हता. ते काम मास्टरचं.

वस्तादाच्याने राहवलं नाही. जरा उजवीकडे जातोयस, तो ओरडला. त्याच क्षणी तीही ओरडली, सरळ चल, सरळ.

पोराचा आकडा चुकला. त्याने मागे वळून दोघांकडे पाहिलं नाही. रॅम्पपाशी परत आला, टाच लावली आणि एकपासून मोजायला लागला.