कोटाशिवाय जेवण नाही

या, असे जवळ सरकून बसा. बोटीवरच्या एका जेवणाची गोष्ट आहे. लांबून ऐकलीत तर निम्मी वाऱ्यावर जाईल.

मोठ्या जेवणघराच्या दारात एक प्लंबर अडून उभा होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. शेजारी त्याची बायको, ठेवणीतले कपडे घालून.

"कोटाशिवाय आत सोडता येत नाही, काका," हेड वेटर नम्रपणे म्हणाला. "आज समारंभाची रात्र आहे. वरच्या मजल्यावर मात्र कसेही गेलात तरी चालतं."

"वर आम्ही रोजच जेवतो," प्लंबर म्हणाला. "हिला एकदा इथे बसायचंय, त्या झुंबराखाली. लेकीने तिकीट हातात दिलं तेव्हापासून ही झुंबराचंच बोलतेय. आणि जेवायचंय मला. कोट काय जेवणार आहे?"

मागे रांगेतले लोक हसले. हे वाक्य आता सगळ्या बोटीला पाठ झालं होतं. मागच्या समारंभाच्या रात्री या दोघांना दारातून परत फिरावं लागलं, तेव्हापासून प्लंबरने डेकवर हाच विषय लावून धरला होता. एवढ्या उकाड्यात कोट कशाला, हे बहुतेकांना पटत होतं. शेवटी कप्तानानेच तोडगा काढला. आज जेवणं झाली की सगळ्यांनी हात वर करायचे. बहुमत म्हणेल तसं. नियम गेला तर कायमचा गेला.

विरोधात होत्या एकट्या कोतवालबाई. हे नाव अर्थात लोकांनी ठेवलेलं. बाई सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या, दरवर्षी याच बोटीने येणाऱ्या. त्यांचं टेबल दारासमोरचं. समारंभाच्या रात्री सूप निवून जायचं, तरी बाई आत येणाऱ्या एकेका पुरुषाकडे बघत बसायच्या.

"कोण कसा आलाय त्याची झडती घेतात," लोक म्हणायचे.

सकाळीच डेकवर प्लंबरची आणि त्यांची गाठ पडली होती.

"मावशी, माझ्या शर्टाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"काही नाही. चांगला शर्ट आहे. दिवसभर मिरवा की. जेवणघरात मात्र कोट हवा."

"पण का?"

"पुरुषमाणूस कोट घालून दारातून आत आला की बरं दिसतं."

"आणि ज्याच्याकडे कोटच नाही त्याने?"

"कपाटात आहेत ना. हेड वेटरकडे मागायचा. कुणी विसरून गेलेले, कुणी ठेवून गेलेले." मग बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "खांदे रुंद आहेत तुमचे. उंचीही बरी आहे."

"बैल बघताय का बाजारात?"

त्याची बायको खुदकन हसली. कोतवालबाईही हसल्या, पण हटल्या नाहीत.

"दुसऱ्याच्या अंगावरचा कोट मी घालणार नाही," प्लंबर म्हणाला. "रात्री बघाच किती हात वर होतात ते."

तर आता रात्र झाली होती. हात त्याच्या बाजूने वर होणार, यात कुणाला शंका नव्हती. पण मतदान जेवणानंतर होतं, आणि जेवण आत होतं. उद्या सकाळी बोट किनाऱ्याला लागून सफर संपणार होती.

"अहो, चला वर," बायको हळूच म्हणाली. "मला नाही त्या झुंबराचं एवढं."

हा सूर त्याच्या चांगला ओळखीचा होता. नवं स्वयंपाकघर नको म्हणताना तिने हाच सूर लावला होता, आणि नंतर वर्षभर जुन्या ओट्याशी बोलत नव्हती.

"उघडा तुमचं कपाट," तो हेड वेटरला म्हणाला.

हेड वेटरने पुढचे दोन-तीन कोट बाजूला सारले, एकदा त्याच्या खांद्यांकडे बघितलं आणि अगदी आतून एक गडद निळा कोट काढला. मापाने शिवल्यासारखा बसला.

बायको त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली. "लग्नातसुद्धा असे दिसला नव्हतात."

"लग्नात घाबरलेलो होतो."

दोघं आत शिरली. कोतवालबाईंच्या हातातला चमचा टेबलावर आला. त्या उठल्या आणि सरळ त्यांच्यापाशी आल्या.

"कॉलर मागे दुमडलीय," म्हणत त्यांनी ती सारखी केली. खांद्यावरून एकदा हात फिरवला.

"पास झालो का?" प्लंबरने विचारलं. "पण फार खूश होऊ नका हं, मावशी. मतदान व्हायचंय अजून. हा कोट आजच्यापुरता. उद्यापासून ते कपाटच निघतंय."

"अहो, गप बसा," बायको म्हणाली. "मावशी, एकट्या कशाला? या ना आमच्यात."

बाई आल्या. झुंबराखाली तिघांचं जेवण रंगलं. बायको मान वर करकरून बघत होती. प्लंबर म्हणाला, मान आखडली तर पान्याने सोडवीन. बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. त्या दिवशी सूपही त्यांनी गरम असतानाच संपवलं.

मग कप्तानाने उभं राहून पेल्यावर चमचा वाजवला. "नियम नको असणाऱ्यांनी हात वर करा."

सगळं जेवणघर प्लंबरकडे बघू लागलं. त्याने बाही सावरली.

"खुशाल करा वर, मी नाही रागावणार," कोतवालबाई हलकेच म्हणाल्या. "तो कोट आमच्या ह्यांचा. ते गेले त्या वर्षी मीच कपाटात ठेवला. उतरवाल तेव्हा त्यांची एकदा आठवण काढा."