कोरी पाच वर्षं

"वहिनी, ही पाच वर्षं कोरी जाऊन राह्यली," स्क्रीनवरची नजर न काढता कडूबा म्हणाला. "दोन हजार सतरा ते बावीस. मधी अशी कोरी जागा दिसली की सायब लोक कागद तिथंच बाजूला सारतेत. शिक्षण कोण बघतं? अनुभव बघतेत."

तृप्ती प्लास्टिकच्या खुर्चीत पुढं सरकली. राजूरला देवळाच्या वाटेवर कडूबाचं दुकान होतं. सातबाऱ्यापासून बायोडाट्यापर्यंत सगळं तिथं निघायचं. जालन्याच्या एका संस्थेला गावोगावच्या पाणी योजनांसाठी तालुक्याला एक समन्वयक हवा होता. पदवी पाहिजे आणि गावच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव पाहिजे. अर्ज आज पाच वाजेपर्यंत. जाहिरात तिनंच मोबाईलवर वाचली होती. आठ दिवस मनात घोळवून, आज चतुर्थीचं दर्शन झाल्यावर, ती नवऱ्याला भीत भीत म्हणाली होती, जरा कडूबाकडं थांबू या.

"एखाद्या शाळेचं नाव टाकू का? शिक्षिका म्हणून? सगळेच टाकतेत."

"उपासाच्या दिवशी खोटं नको," ती म्हणाली. "मी सरपंच होते, तेच टाका."

कडूबाची बोटं थांबली. मग तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, सवय होती. "सरपंच तर आपले भारतभाऊ! वाढदिवसाचं बॅनर मीच छापून देल्तं की."

तिचा नवरा भारत दाराशी मोटारसायकलला टेकून उभा होता. नाव ऐकताच आत आला. गावची सरपंचाची जागा महिलेसाठी सुटली तेव्हा अर्ज तृप्तीच्या नावानं भरला गेला आणि निकालाच्या दिवशी गुलाल याच्या डोक्यावर पडला. तेव्हापासून गाव यालाच सरपंच म्हणायचं. तिला खुर्ची मिळायची ती झेंडावंदनाला, वर्षातून दोनदा.

पण टाकीचं पाणी वरच्या वस्तीवर चढेना, तेव्हा उजाडायच्या आत पाणी सोडायच्या वॉलवर जाऊन उभी राहायची ती. पाइप कुठं फुटतो, कोण मोटार लावून पाणी ओढतं, हे तिला पाठ होतं. भांडणारी दहा घरं तिनंच एका नळावर आणली होती. मालनबाईच्या दारात पहिल्यांदा पाणी आलं, त्या दिवशी म्हातारीनं पहिली घागर हट्टानं तिच्या हातून भरून घेतली होती. यातलं एक अक्षर कुठल्या कागदावर नव्हतं.

"हिला काय इचारतो?" भारत म्हणाला. "मुलाखतीत दोन सवाल केले तर घाम फुटंल तिला. असं कर कडूबा, हिचं ऱ्हाऊ दे. माझ्या नावानं कर. पदवी मला बी हाय. अन् अनुभव तर माझाच हाय."

तृप्तीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "अहो, जाहिरात मी दाखवली तुम्हाला."

"मंग? घरातच येऊन राह्यली ना नोकरी? तुझी काय अन् माझी काय!"

कडूबानं दोघांकडं पाहिलं आणि तिचं नाव खोडून वर भारतचं नाव टाईप केलं. इतकं सोपं होतं ते. एक बटण दाबून धरायचं, बस.

"पर भाऊ, नुसतं म्हणून भागत न्हाई," तो म्हणाला. "अनुभवाला पुरावा जोडावा लागतो."

"पुराव्याला काय तोटा!" भारतनं तिच्या मांडीवरच्या पिशवीतून फाइल ओढून काढली. आपल्या अर्जाला लागतील म्हणून पाणी योजनेचे ठराव, पत्रं, मंजुऱ्या, सगळ्याच्या नकला तिनं जमवून आणल्या होत्या. त्यानं त्या काउंटरवर पसरल्या.

कडूबानं चार पानं उलटली. "ह्याच्यावर तर समद्या वहिनीच्या सह्या हायेत."

"नाव तिचं, हात माझा!" भारत मोठ्यानं हसला. "पाच वर्षांत तिला पेन उचलू देल्ला न्हाई. बँकेत बी कोणाला वळखू आली न्हाई. बघ, किती बराबर!" आणि काउंटरवरचा पेन घेऊन त्यानं एका पावतीच्या पाठीवर झोकात सही करून दाखवली. सौ. तृप्ती, सरपंच.

कडूबाही हसला. मग तिच्याकडं नजर गेली तसा कीबोर्डकडं वळला.

घाईगडबडीत हे आपल्या नावानं एखादी सही करत असतील, एवढंच ती समजत होती. बाकीच्या कागदांना तुझी सही लागतच न्हाई, असं भारत सांगायचा आणि ती मान हलवून वॉलकडं निघायची. तिनं पावती उचलून पाहिली. सही तिच्या स्वतःच्या सहीपेक्षा वळणदार होती.

"झालं का बघून?" भारत म्हणाला. "दे हिकडं. जल्दी कर कडूबा, पाच वाजतेत."

तिनं पावती दिली नाही. पसरलेली पानं एक एक करून गोळा केली, कडा जुळवल्या आणि पावती सगळ्यांत वर ठेवली. आवाज तिनं कधी चढवला नव्हता, आताही चढवला नाही.

"कडूबाभाऊ, ह्या सह्या माझ्या असतील, तर अनुभव माझा. वर माझं नाव टाका. अन् ह्यांच्या असतील, तर ह्यांचंच नाव ऱ्हाऊ द्या. त्याच्याखाली मी सांगते तसं लिहा. अनुभव, पाच वर्षं. कामाचं स्वरूप, बायकोच्या नावानं खोट्या सह्या करणे. पुरावा सोबत जोडला आहे."