लाल कोट

चौकातल्या बँडवाल्यांचे लाल कोट दिसले आणि करिश्माची मान आपोआप खाली गेली. तिकडे गावी, फलटणला वरात आली की तिचं हेच व्हायचं. वरातीपुढे चालत क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांत अप्पा असायचे, आणि सोबतच्या मैत्रिणींना ते कळू द्यायचं नसायचं.

आज सकाळपासून इथं ऑस्ट्रियात, साल्झबर्गभर नुसतं संगीत चाललं होतं. चर्चमध्ये ऑर्गन, पुलावर व्हायोलिन आणि आता हा बँड. म्युनिकहून एका दिवसासाठी आलेली सगळी वर्गमंडळी हरखून गेली होती. करिश्मा मात्र कोरडी ठणठणीत. कानावर पडत होतं, आत काही पोचत नव्हतं.

"तुझे वडील संगीतशिक्षक ना? त्यांना हे फार आवडेल," वर्गातली लीना म्हणाली. ही थाप करिश्मानंच पहिल्या दिवशी मारली होती.

"शिक्षक नाहीत ते. लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात." तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"असाच लाल कोट घालून? मस्तच!" म्हणत लीना पुन्हा बँड ऐकू लागली.

संपलं. शाळेपासून जिवाच्या आकांतानं जे लपवलं, त्याचं इथं कुणाला काही नव्हतं. करिश्माला हलकंसुद्धा वाटलं नाही. काहीतरी करायचं म्हणून तिनं बँडचा फोटो अप्पांना पाठवला.

थोड्या वेळानं उत्तर आलं.

"कोट आमच्यासारखाच आहे गं. पण त्यांना बसायला खुर्च्या देतात होय?"