दाताखालचं कुरकुरीत

लग्नाला चार वर्षं झाली, तरी नाताळला एस्तेरनं केलेल्या केकचा पहिला घास घेतला की सुजित मान हलवायचा. "बरा झालाय. पण आईच्या केकची सर न्हाय. दाताखाली कायतरी बारीक कुरकुरीत यायचं बघ."

पहिल्या वर्षी एस्तेरनं अक्रोड घातले. दुसऱ्या वर्षी काजू, तिसऱ्या वर्षी भाजलेले तीळ. यंदा तर तिनं खडीसाखर कुटून घातली. सुजित डोळे मिटून चावत राहिला. "न्हाय. ते न्हाय. आणि आईची माया किती, स्वतः एक तुकडा खायची न्हाय. सगळा मलाच द्यायची."

तो चर्चमध्ये गाण्याच्या सरावाला गेला, तशी एस्तेरनं कोडोलीहून आलेल्या सासूला, शालनबाईंना, स्वयंपाकघरात गाठलं. "आई, तुम्ही केकमध्ये नेमकं काय घालत होता? आज सांगितल्याशिवाय सोडणार न्हाय मी."

"काय घालणार बाई? मैदा, अंडी, साखर, डालडा. ओव्हन कुठला आमच्याकडं? चुलीवर पातेल्यात वाळू तापवून त्यात केकचा डबा ठेवत होतो मी."

"मग ते कुरकुरीत काय यायचं?"

शालनबाईंनी दाराकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली केला.

"वाळूच की. डबा काढताना उडायची. म्हणून तर मी कधी खाल्ला न्हाय."