भिंगरीची हलकी सायकल

अर्ध्या चढावरून भिंगरी सायकल हाताने ढकलत परत आली, तेव्हाच निरीक्षकांची खात्री पटली की मिस्त्रीने आपल्याला गंडवलंय.

"जडच आहे, बाबा," ती म्हणाली, आणि दुकानासमोरच्या बाकावर बसून तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"ऐकलंत?" निरीक्षकांनी मिस्त्रीकडे वळून विचारलं. "दोन महिन्यांत तिसरं काम हे. आधी कॅरियर, स्टँड, मडगार्ड काढलंत. मग सीटचा दांडा बदललात, पेडलची क्रँक बदललीत. आज हँडल आणि दोन्ही चाकं. सगळं म्हणे अ‍ॅल्युमिनियमचं. आणि पोरगी अजून चढावर उतरतेच आहे!"

"सायकल फुलासारखी झालीय साहेब."

फुलासारखी! असं गोड बोलणारी माणसं निरीक्षकांनी बावीस वर्षं पाहिली होती. वजनमापं तपासायची नोकरी त्यांची. पारड्याखाली शिसं चिकटवणारे, वजनं आतून पोखरून ठेवणारे, सगळे असेच लाघवी. घरीसुद्धा आणलेली भाजी पुन्हा तोलल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बायको म्हणायची, एक दिवस माझ्या हातातला चमचाही तोलाल. म्हणू दे. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

त्यांनी बॅगेतून लोहचुंबक काढलं. लोखंडाला चंदेरी रंग फासून अ‍ॅल्युमिनियम म्हणून खपवणं काही अवघड नव्हतं. त्यांनी ते हँडलला लावलं. चिकटलं नाही. रिमला लावलं, तर घसरून पायावर पडलं.

"लागलं का?" मिस्त्रीने विचारलं.

"निघालेला माल दाखवा," निरीक्षक म्हणाले.

मिस्त्रीने आतून एक गोणपाट ओढत आणलं. ज्याच्या सायकलचा जो भाग निघेल, तो त्याच्या नावाने बांधून ठेवायची त्याची पद्धत होती. तोंडाला तारेने पुठ्ठा अडकवलेला, त्यावर खडूने 'भिंगरी'. आत सगळं होतं. जुनी चाकं, गंजका दांडा, अगदी मडगार्डचे स्क्रूसुद्धा कागदात गुंडाळलेले. निरीक्षकांनी एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. चोरी सापडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना उगाच वाटून गेलं.

शेवटी त्यांनी स्वतःचा हुकाचा काटा काढला. सरकारी शिक्क्याचा, गेल्याच महिन्यात तपासलेला. दुकानाच्या आडव्या पाइपला तो अडकवून त्यांनी सायकल टांगली. पहिल्याच दिवशी, मिस्त्रीने पाना हातात घ्यायच्या आधी, त्यांनी ती अशीच तोलून वहीत लिहून ठेवली होती. बारा किलो चारशे.

काट्याने आठ किलो शंभर दाखवले. निरीक्षकांनी डोळे बारीक करून दुसऱ्या बाजूने पाहिलं. सायकल उतरवून पुन्हा टांगली. आठ किलो शंभर.

"काटा तुमचाच आहे, साहेब," मिस्त्री म्हणाला.

निरीक्षकांनी सायकल खाली उतरवली. एवढा संशय घेतला त्याची लाज वाटायला हवी होती, पण वाटत होती ती भीतीच, आणि ती कशाची हे त्यांना कळेना. मागच्या वर्षी हीच सायकल, हेच बारा किलो घेऊन पोरगी हा चढ एका दमात चढायची आणि वर उभी राहून बापाला वेडावून दाखवायची. एका जागी म्हणून ठरायची नाही. म्हणून तर भिंगरी.

मिस्त्रीने हात पुसले. "आता मी एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"सायकल दोनदा तोललीत. पोरीचं वजन शेवटचं कधी केलंत?"

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?" निरीक्षकांचा आवाज चढला.

"सकाळपासून ही तिची तिसरी बाटली. दर थोड्या वेळाने मागे मोरीत जाऊन येतेय."

"ऊन किती आहे!"

"ऊन मलाही लागतंय, साहेब. मी अर्धी बाटली प्यायलो."

निरीक्षकांनी बाकाकडे पाहिलं. भिंगरी भिंतीला डोकं टेकून बसली होती. फ्रॉकच्या बाहीतून दंड काडीसारखा बाहेर आला होता. ही बाही आधी घट्ट व्हायची. नवा फ्रॉक शिवायचा म्हणून बायको मागे लागली होती, त्याचं पुढे काय झालं?

"चल, उठ," ते म्हणाले, आणि तिने हात वर केले तसे त्यांनी तिला उचललं.

दर वेळी तिला उचलताना ते एक हात स्वतःच्या कमरेला लावून मोठ्याने कण्हायचे, "आई गं! केवढी ही गोणी!" आणि ती खिदळायची. बापलेकीचा हा खेळ ठरलेलाच होता. बाजारात लोक म्हणत, या माणसाला काटा लागत नाही, याचा हातच पन्नास ग्रॅमला चुकत नाही. तो हात आज पोरीला उचलायला पूर्ण जोर लावून गेला आणि ती सर्रकन छातीपर्यंत वर आली.

निरीक्षकांनी तिला खाली ठेवलं नाही. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता. ते तसेच निघाले.

"साहेब, काटा राहिला! सायकल राहिली!" मिस्त्री मागून ओरडला.

त्यांनी वळून पाहिलं नाही. ते आता जवळजवळ पळत होते. खांद्यावर डोकं ठेवलेल्या भिंगरीने थोडा वेळ वाट पाहिली, मग हळूच विचारलं,

"बाबा, आज गोणी नाही म्हणालात?"