मिटलेली पानं

बायकोचा तेरावा उरकून कृष्णात परत शिरोलीच्या फौंड्रीत कामावर आला. सकाळच्या सुट्टीत तो नेहमीसारखा कुंपणाजवळच्या तरवडापुढं न्याहारीला बसला.

तरवडाची पानं रात्री मिटतात. आज मात्र लख्ख उन्हात, कृष्णातची सावली पडली होती तेवढी पानं मिटलेली होती.

"तुझ्या सावलीनं झाडाला झोप आली की रं," शेजारी बसलेला गुरुसिद्ध म्हणाला.

"आसंल," कृष्णात म्हणाला. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं.

तो जरा बाजूला सरकला. सावलीतून सुटलेली पानं उघडली. पण त्यांतली, नुसत्या उन्हातही, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईच्या सावलीएवढी पानं मिटलेलीच राहिली.

कृष्णातनं अर्धी भाकरी मोडून तिकडं धरली.

मग तिथनं एकेक पान मिटत, पुढं केलेल्या हातासारखी एक ओळ भाकरीच्या दिशेनं येऊ लागली.