साध्या कंपनीची भारी गाडी

"दार पुन्हा लावा," अंजनीबाई म्हणाल्या.

अभिजीतनं दार उघडलं, लावलं. धप्प. जड पेटीचं झाकण बसावं तसा आवाज. याच आवाजापायी तो शोरूममध्ये सगळ्यांशी वाद घालत आला होता.

कारण कंपनी होती साधी. हिच्या छोट्या गाड्या अंबरनाथच्या नाक्यावर टॅक्सी म्हणून उभ्या असायच्या. त्याच कंपनीनं ही लांबलचक, उंची सेडान काढली आणि गिऱ्हाईक बिचकलं. उल्हासनगरचे कापडवाले शेठ यायचे, चामड्याच्या सीटवरून हात फिरवायचे आणि जाताना म्हणायचे, "गाडी मस्त है भाई. लेकिन शादी में उतरल्यावर लोग नाम किसका पढेंगे? माझा ड्रायवर पण याच कंपनीची चालवतो." मग जाऊन जर्मन गाडी बुक करायचे.

"साध्या कंपनीनं साधंच राहावं रे," मॅनेजर हितेश म्हणायचा. या महिन्यात एक तरी विकली गेली नाही, तर ही गाडी परत जाणार होती आणि अभिजीतची नोकरीही तिच्याच मागोमाग. आज महिन्याचा शेवटचा शुक्रवार. आणि गाडीशी उभ्या या दोघी, मांजर्लीच्या सासू-सुना.

"हीच गारी?" सासूनं, कौसाबाईनं, आल्या आल्या सुनेला विचारलं होतं.

"हीच."

घरातून ठरवूनच आल्यात, अभिजीतला वाटलं. तरी म्हातारी काही खूश दिसेना. दोघींनी बसताना मध्ये एक खुर्ची मोकळी सोडली. पैशाची चावी म्हातारीच्या कमरेला असणार, हे त्यानं ताडलं आणि पाण्याचा ग्लास आधी तिच्यापुढे केला.

"साहेब नाही आले?"

"त्यांनीच पसंत केली," अंजनीबाई म्हणाल्या. "एवढी शांत गाडी दुसरी नाही म्हणायचे. लोक हसायचे त्यांना. साध्या कंपनीची म्हणून."

अभिजीतला भाऊ भेटल्यासारखं झालं. "साहेबांना कळतं बघा. काच दुहेरी आहे, दाराला रबर तिपेडी. चला, एक चक्कर मारू. तुम्ही मागे बसा."

"आम्ही नाही बसणार. तुम्ही बसा. गाडी मागच्या आवारात घ्या, आम्ही वरच्या खिडकीतून बघतो."

गिऱ्हाइकाच्या नाना तऱ्हा. कोणी टायरला लाथ मारतं, कोणी लिंबू मागतं. अभिजीतनं त्यांना दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी नेलं. शुक्रवारचे लाईट गेलेले, खाली जनरेटर धडधडत होता.

"जनरेटर बंद करायला सांगू?"

"नको. आवाज असू दे. इंजिन मात्र बंद ठेवा, काचा वर. आणि आतून मोठ्यानं हाक मारा."

"हॉर्न देऊ का?"

"हॉर्न नको. नुसती हाक."

"काय म्हणू?"

"अंजनी म्हणा."

"अंजनीताई—"

"ताई नको. नुसतं अंजनी. जीव खाऊन."

आईच्या वयाच्या बाईला एकेरी हाक मारायची. अभिजीतचे कान तापले. पण नोकरीसाठी माणूस काय काय करतो. तो खाली गेला, गाडी भिंतीलगत आणली, इंजिन बंद केलं, काचा चढवल्या आणि ओरडला. आधी लाजत. मग खरंच जीव खाऊन. "अंजनी! अंजनी!" घशाच्या शिरा ताणल्या. हाक काचेला लागून त्याच्याच कानात परत येत होती. वर दोन चेहरे खिडकीत होते. एकही हलला नाही.

तो खुशीत बाहेर पडला. हितेशला खेचत आणावं आणि दाखवावं असं त्याला वाटलं. साध्या कंपनीनं केली होती ही गाडी, आणि वर आवाजाचा कण पोचला नव्हता. दोन-दोन पायऱ्या चढत तो वर आला.

"आलं काही ऐकू?"

अंजनीबाईंचं कपाळ खिडकीच्या गजांना टेकलेलं होतं. कौसाबाई त्यांच्या अगदी लगत उभी होती. सुनेचा हात तिनं दोन्ही हातांत धरला होता.

"नाय रे पोरा," म्हातारी म्हणाली. "काय पन नाय."

"बघा, मी म्हटलंच होतं. मग कागद करायचे ना, आजी?"

कौसाबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. सुनेचा हात ती थोपटत राहिली.

"पुराच्या पान्यात माजा चंदू असल्याच गारीत अडकून गेला, न ही अशीच वर खिरकीत उभी होती. वरीसभर मी हिला इचारतेय, तुला त्याची हाक कशी आयकू नाय आली."